ऐकलंत का? अंबरपेठेत लिंका विकत मिळतात!

ऐकावं ते नवलच! उड्डाणपूल कधी होणार या एका विषयावर हैदराबादच्या आमच्या अंबरपेठेनं कित्येक वर्षं काढली. तो झाला. बतुकम्मा कुंट्यात पुन्हा पाणी आलं, त्याचीही नवलाई ओसरली. आता गोलनाक्यापासून सहा नंबरपर्यंत जिथं चार दुकानदार जमतील तिथं कुजबुज एकच: "तुमच्या साइटचा डीए किती?" याच कट्ट्यावर परवापर्यंत लोक एकमेकांना शुगर विचारत होते हो! आता साखर राहिली बाजूला, आणि दातांच्या डॉक्टरांपासून हलवायापर्यंत जो तो डोमेन अथॉरिटीचा, म्हणजे आपल्या साइटच्या वजनाचा, आकडा खिशात घेऊन फिरतोय.

कोणाकोणाची नावं घेऊ? नकोच. घरून लोणची-मेतकूट विकणाऱ्या वहिनी आहेत, शिर्डीला गाड्या सोडणारे ट्रॅव्हल्सवाले आहेत, लग्नाचे केटरर आहेत. निजामाच्या राज्यात मराठवाडा आणि हैदराबाद एकाच छत्राखाली होते, तेव्हापासून काचीगुडा, बरकतपुरा, अंबरपेठ या पट्ट्यात मराठी घरं आहेत. चार पिढ्या तोंडी शिफारशीवर धंदा केला या मंडळींनी. आता म्हणे शिफारस विकत आणायची. शिव शिव!

मामला काय, ते सांगते. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन पोरांनी, म्हणजे गूगलच्या जन्मदात्यांनी, 'पेजरँक' नावाची युक्ती मांडली. एका संकेतस्थळानं दुसऱ्याची लिंक दिली, की ती त्या दुसऱ्याच्या बाजूनं पडलेली शिफारस समजायची, आणि शिफारस करणारा जितका वजनदार, तितकी तिची किंमत जास्त. म्हणजे आपल्याकडं स्थळाची चौकशी होते, तसंच. मुलाबद्दल शाळेतले जुने सर चांगलं बोलले तर ते एक, आणि पैसे देऊन आणलेले मामा बोलले तर ते दुसरं. तेव्हा जगाला शंकाही आली नव्हती, की भाड्याच्या मामांचा घाऊक बाजार भरेल. भरला ना! लिंका विकत मिळू लागल्या, भाड्यानंही मिळू लागल्या. भाडं थकलं की मामा गायब.

आणि हे मामा विकणारे कसे येतात म्हणता? सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर. "साब, पंधरा दिनां में फर्स्ट पेज. हौ, गॅरंटी!" खाली तीन रॉकेटं आणि एक जोडलेले हात. गंमत बघा, खुद्द गूगलनं व्यावसायिकांसाठी जी मदतीची पानं लिहिली आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. आमचं गूगलशी खास नातं आहे असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. गूगलचं भलंथोरलं ऑफिस याच शहरात, गच्चीबावलीला. त्यामुळं इथल्या विक्रेत्याला नातं जोडायला फार लांब जावं लागत नाही. "आपना भाई वहाँ काम करता" एवढं म्हटलं की झालं. भाई कँटीनमध्ये आहे की पार्किंगमध्ये, हे कोण विचारतंय?

मग येतो पुरावा. स्क्रीनशॉट! तो एकदा माझ्या हाती लागला, आणि मी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला, अगदी सून बघायला गेल्यासारखा. वर शोधपट्टीत लिहिलेलं होतं: 'होममेड सेसमी रेड चटणी बाग अंबरपेठ होम डिलिव्हरी ऑर्गॅनिक'. पहिल्या क्रमांकावर गिऱ्हाइकाचं दुकान, भोवती लाल गोल. अहो, हे वाक्य जगात कोणी टाइप तरी करेल का? ज्या शर्यतीत दुसरा धावणाराच नाही, तिथं पहिला नंबर काढायला लिंका कशाला हव्यात, नुसतं उभं राहिलं तरी पुरे. "आम्ही पन्नास कीवर्ड पहिल्या पानावर आणले" असं कोणी म्हणालं, की आधी विचारावं: हे पन्नास शब्द महिन्याला शोधतं कोण आणि किती जण? बरेचदा त्या पन्नासात अर्धे म्हणजे दुकानाचंच नाव उलटसुलट करून लिहिलेलं. स्वतःच्या नावाला स्वतःच पहिलं येणं, याचे पैसे घेतात हो!

आणि तारीख? कापलेली. शहर? कापलेलं. गूगलचे निकाल जागेप्रमाणं बदलतात. अंबरपेठेत बसून 'डेंटिस्ट' शोधलं तर एक यादी येते, मेहदीपट्टणमला बसून शोधलं तर दुसरी. त्यात विक्रेत्याच्या फोनवर ती साइट रोज उघडलेली असते, त्याचाही थोडाफार रंग चढू शकतो. तेव्हा त्याच्या स्क्रीनवर दिसलं म्हणजे जगाला दिसलं, असं नव्हे.

आलेखांची तर वेगळीच तऱ्हा. निळी रेघ डावीकडून उजवीकडं अशी चढलेली, की डोळे पाणावावेत. बाजूला आकडेच नाहीत! दोनावरून सातावर गेली तरी रेघ तशीच चढते. वहिनींना दाखवलेला आलेख मार्च ते मे असा होता, आणि "बघा मॅडम, लिंकांचा परिणाम!" असं वर लिहिलेलं. मार्च ते मे! या शहरात तेव्हा घरोघरी आवकाय घातली जाते. कैरीच्या लोणच्याची शोधाशोध तेव्हा वाढणार नाही तर काय श्रावणात वाढेल? यावर उतारा एकच: गूगलचं सर्च कन्सोल. फुकट मिळतं. आपल्या साइटला कोणत्या शब्दांवर किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी टिचकी मारली, सरासरी क्रमांक किती, सगळं त्यात दिसतं, आणि १६ महिने मागचं दिसतं. म्हणजे या वर्षीचा मे मागच्या वर्षीच्या मेशी लावून बघता येतो. पण त्याची किल्ली आपल्या हातात हवी. आमच्या ओळखीत निम्म्यांची किल्ली विक्रेत्याकडंच आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या याच!

आता त्या थोर 'डीए'कडं वळू. एवढा ज्याच्या नावाचा जयघोष, तो आकडा गूगलचा नाहीच मुळी! डोमेन अथॉरिटी ही मॉझ नावाच्या कंपनीची, डोमेन रेटिंग ही एचरेफ्सची, अथॉरिटी स्कोर सेमरशचा. तिन्ही खासगी कंपन्या, तिघींची आपापली शंभराची पट्टी. अंदाज बांधायला हे आकडे ठीक आहेत, त्या कंपन्याही ते अंदाज म्हणूनच देतात. गूगलच्या माणसांनी कितीदा तरी सांगितलं, की आम्ही क्रम लावताना हे वापरत नाही. ऐकतंय कोण? त्यात या आकड्यांना फुगवणं सोपं. एखाद्या बंद पडलेल्या संस्थेचं नाव मुदत संपल्यावर विकत घ्यायचं, तिला मिळालेल्या जुन्या लिंका आपल्या साइटकडं वळवायच्या, की आकडा पाव फुगावा तसा फुगतो. आकडा ६५ आणि गूगलवरून येणारे वाचक शून्य, अशा साइटी बाजारात ढिगानं आहेत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

तशी एक साइट मी उघडून पाहिली. नाव बागकामाचं. पहिला लेख रूट कॅनॉलवर, दुसरा ऑनलाइन रमीवर, तिसरा पॅकर्स-मूव्हर्सवर, चौथा आमच्या वहिनींच्या लोणच्यावर. गुलाबाचं एक झाड नाही हो संबंध बागेत! आणि त्या चौथ्या लेखात, ज्याचे रोख पैसे मोजलेले, वहिनींचं दुकान कुठं दाखवलं होतं? अमीरपेठेत! कॉम्प्युटर क्लासेसच्या त्या पंढरीत, इथून दहाएक किलोमीटर लांब. बाहेरगावची पोरं अंबरपेठ-अमीरपेठ घोटाळा करतात ते समजू शकतं. पण पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं दुकानच उचलून दुसऱ्या पेठेत ठेवावं?

तुम्हाला वाटेल, हे गरिबाघरचे धंदे. छे! मोठ्या घरच्या भानगडी ऐका. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जेसी पेनी या अमेरिकेतल्या जुन्या दुकानसाखळीचं बिंग फोडलं. कपडे म्हणा, चादरी म्हणा, गालिचे म्हणा, काहीही शोधा, हेच पहिले. कारण भलत्यासलत्या हजारो पानांवर त्यांच्या लिंका पेरलेल्या. आम्हाला काही ठाऊकच नव्हतं म्हणाले, आणि लिंका बघणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. गूगलनं त्यांना खाली ढकललं ते वेगळंच. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनची इंटरफ्लोरा, फुलं पाठवणारी, वर्तमानपत्रांत पैसे देऊन लेख छापून आणल्याबद्दल गूगलवरून दिसेनाशी झाली, ती अकरा दिवसांनी परतली. आणि सगळ्यांत खमंग तर पुढंच आहे. २००९ मध्ये गूगल जपाननं आणि २०१२ मध्ये गूगलच्याच क्रोमच्या जाहिरात मोहिमेनं पैसे देऊन लेख लिहवून घेतल्याचं उघडकीस आलं, आणि गूगलला स्वतःच्याच पानांना शिक्षा करावी लागली! घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

त्याच २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलनं विकतच्या लिंका हेरणारा 'पेंग्विन' नावाचा बदल सोडला आणि लिंका विकत घेणाऱ्यांची कितीतरी साम्राज्यं एका रात्रीत कोसळली. पण आताची तऱ्हा जास्त वाईट, म्हणजे विक्रेत्याच्या दृष्टीनं जास्त सोयीची. २०१६ पासून पेंग्विन बहुतेक वेळा शिक्षा करत नाही, तो अशा लिंका मोजतच नाही. २०२२ च्या डिसेंबरपासून 'स्पॅमब्रेन' ही यंत्रणाही त्याच कामाला लावली आहे. म्हणजे तुम्ही पाचशे लिंका घ्या, हिशोबात शून्य. ना ओरड, ना नोटीस, नुसते पैसे पाण्यात. आणि विक्रेता म्हणणार, "अजून पाचशे घ्या साब, थोडा टाइम लगता." फारच उघड मामला असला, तर माणसाच्या हातची कारवाई होते आणि सर्च कन्सोलमध्ये तसा निरोप येतो. पण किल्ली कोणाकडं आहे, ते मघाशी सांगितलंच.

मे २०२४ मध्ये गूगलची काही अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली, त्यात 'साइट अथॉरिटी' असं एक नाव सापडलं. झालं! विक्रेत्यांच्या घरी दिवाळी. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणत होता, पण मॉझच्या आकड्याबद्दल. नावात नाव मिळालं म्हणून माणूस तोच होत नाही. तसं असतं तर गल्लीतले सगळे रेड्डी एकाच घरचे निघाले असते. उलट गूगलचे गॅरी इलियेश यांनी २०२३ मध्येच सांगितलं होतं, की लिंका आता क्रम ठरवणाऱ्या पहिल्या तीन गोष्टींत नाहीत. ते मात्र कोणी व्हॉट्सअॅपवर पुढं ढकललं नाही.

बरं, पैसे देऊन लिंक घेणं हे महापाप नाही बरं का. जाहिरात म्हणून घ्या, तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' ही खूण २०१९ पासून लावता येते, गूगलची ना नाही. फक्त त्या लिंकेनं क्रम वाढत नाही. म्हणूनच विक्रेता खूण न लावलेली 'डू-फॉलो' लिंक विकतो, आणि तीच नियमाबाहेर. आणि ज्याचं गिऱ्हाईक अंबरपेठेतच राहतं, त्याला या बाजारात जायचं कारणच काय? आसपासच्या दुकानांची नकाशावरची यादी गूगल तीन गोष्टींवर लावतो, हे त्यानंच जाहीर केलंय: शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. त्याला लागतं एवढंच: पत्ता बरोबर, वेळ बरोबर, फोटो आपले, गिऱ्हाइकांचे खरे अभिप्राय. पण त्यात मिरवायला आकडा नाही ना!

आता कट्ट्यावर एक नवीच फॅशन निघाली आहे, ती मला आवडली. फोन आला की विचारायचं: कोणता शब्द? किती लोक शोधतात? कोणत्या गावातून बघितलं, कोणत्या तारखेला? ज्या साइटवर लिंक लावणार तिथं गूगलवरून वाचक किती येतात? आकडा गूगलचा की मॉझचा? लिंक गेली तर पैसे परत? आणि हे सगळं कागदावर देणार का? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, एवढं नुसतं सहज बोलून ठेवायचं. तिसऱ्या प्रश्नालाच रेंज जाते म्हणतात! केटररनं परवा फोन स्पीकरवर ठेवून शेवटचा प्रश्न विचारला, तेव्हा सगळा कट्टा कान देऊन ऐकत होता: "बाबा रे, तुला लोकांना गूगलच्या पहिल्या पानावर आणता येतं, तर तुझं गिऱ्हाईक तुला गूगलवर शोधत का येत नाही? तुला का घरोघर फोन करावे लागतात?"