तोंड बघून स्क्वेअर फूट

कपाटाचा भाव कसा ठरतो? तोंड बघून.

गंमत नाही. सुतार टेप लावतो, उंची गुणिले रुंदी करतो आणि दराने गुणून आकडा सांगतो. सात फूट उंच, सहा फूट रुंद, म्हणजे ४२ चौरस फूट. दर समजा १,५०० रुपये. झाले ६३,०००. आतले कप्पे? पाठ? मधली पार्टिशनं? ‘वो सब आ गया उसमें, साहब.’

काय काय आलं?

तेच कपाट, दोन फूट खोल. दोन बाजू, मधली दोन पार्टिशनं, वरची-खालची फळी, दारं आणि दोन बाय दोनचे सहा कप्पे. एवढंच मोजलं तरी प्लाय लागतो १४६ चौरस फूट. पाठीचा पातळ प्लाय वेगळा, ड्रॉवर वेगळे. एक शीट आठ बाय चारची, ३२ फुटांची. म्हणजे जाड प्लायच्या पाच शीटना मरण नाही.

आता तुम्ही घासाघीस करून दर १,५०० वरून १,२०० वर आणलात. अभिनंदन! फरक कोण सोसणार, सुतार? तो काय पदरमोड करून तुमच्या साड्यांची सोय लावणार आहे? कप्पे दोनाने कमी होतात, पाठ आणखी पातळ होते, आतला सनमायका हलका येतो. तोंड मात्र जसंच्या तसं. ४२ चौरस फूट, मोजून घ्या.

आपणही तोंडच बघतो, हा भाग वेगळा.

सनमायकाचं फोल्डर घरात आलं की सगळं कुटुंब त्यावर तुटून पडतं. अक्रोडी घ्यायचा की राखाडी, चकचकीत की मॅट. मावशीला फोटो जातो, पुण्याच्या वहिनींना जातो, अमेरिकेतल्या भाच्याचंही मत येतं. बिजागरी कुठली बसणार, हे कोणी विचारत नाही. दार रोज दहा वेळा उघडणार ते रंगावर की बिजागरीवर?

आणि कोटेशनच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, दोन शब्द असतात. ‘हार्डवेअर एक्स्ट्रा.’

म्हणजे बिजागऱ्या, चॅनेल, हँडल, कुलूप सगळं वेगळं. बिनबिजागरीचं कपाट ६३,००० ला. दार भिंतीला टेकवून ठेवायचं असेल तर स्वस्तच पडलं म्हणायचं.

पुढचा अंक ७१० चा.

‘आम्ही सगळीकडे ७१०च वापरलाय’ हे वाक्य हल्ली घरभरणीला पेढ्याबरोबर मिळतं. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. पाण्यासाठी केलेला. सिंकखाली लावा, बाथरूमच्या भिंतीला लागून लावा, पैसे वसूल. पण हॉलमधल्या टीव्ही युनिटलाही तोच? टीव्हीला पोहायला न्यायचंय का? कोरड्या खोलीत आयएस ३०३ चा बरा प्लाय सुखाने नांदतो आणि उरलेल्या पैशांत बिजागऱ्या येतात.

शिवाय तो ७१०च आहे, हे कशावरून? शिक्का शीटवर असतो. दोन्ही बाजूंनी सनमायका चिकटला की शिक्का कायमचा आत. चिकटवण्याआधी बघायला हवा. पण तेव्हा तुम्ही ऑफिसात असता, म्हणून दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो येतो. शिक्का ठसठशीत दिसतो.

कुणाच्या घरातल्या शीटवरचा, ते फोटोत नसतं.

स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची तीच कथा. स्टील ३०४ आहे म्हणून दुकानदार रुबाबात लोहचुंबक लावून दाखवतो. चिकटत नाही. गिऱ्हाईक खूश. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीलला तरी चुंबक कुठे धड चिकटतं? पण चाचणी झाली, समाधान झालं. गंज यथावकाश येईल.

थ्रीडी चित्राबद्दल काय बोलावं! इंटिरियरवाल्यांच्या त्या चित्रातल्या ओट्यावर एक फुलदाणी आणि कापलेलं लिंबू असतं. मिक्सर नसतो. आटाचक्की नसते. वर्षाचे गहू नसतात, लोणच्याच्या बरण्या नसतात, रुखवतात आलेला आणि तेव्हापासून न वापरलेला डिनर सेट नसतो. त्या घरात कोणी जेवत नसावं. मग त्या चित्राबरहुकूम खण पाडले जातात आणि राहायला गेल्यावर कळतं की दहा लिटरचा कुकर एकाही ट्रॉलीत मावत नाही.

आधी कुकर मोजला असता तर? छे, कुकर काय मोजायची वस्तू आहे!

खरं तर हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा. किती साड्या टांगायच्या, किती घडी घालून ठेवायच्या, गाद्या-रजया किती, सुटकेसा किती. घडीला फळी पुरते, आणि फळी स्वस्त. ड्रॉवर म्हटला की चार बाजू, तळ आणि चॅनेलची जोडी आली, तो महाग. पण कोणी यादी करून डिझायनरकडे गेलंय? आपण बजेट घेऊन जातो. बजेट ऐकलं की कपाटं आपोआप तेवढी होतात. मग त्यात ठेवायला वस्तू शोधायच्या.

आता एक खर्च, जो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

जुन्या वाड्यातलं फडताळ भिंतीच्या पोटात असायचं. भिंतच हातभर जाड, जमीन वाया जायची नाही. आपल्या फ्लॅटची भिंत चार-सहा इंचांची, त्यामुळे कपाट तिच्यासमोर उभं राहतं. सहा बाय दोन, बारा चौरस फूट चटईक्षेत्र व्यापून. तेच चटईक्षेत्र, जे तुम्ही रेराच्या कागदावर दशांशापर्यंत तपासलं होतं. त्याचा दर समजा फुटाला १०,००० रुपये. म्हणजे ६३,००० च्या कपाटाखाली १,२०,००० ची जमीन.

आणि आत काय? २०११ सालची बँक स्टेटमेंटं.

लॉफ्टवर तरी निदान जमीन जात नाही. तिथे गणपतीचं मखर, आकाशकंदील आणि टीव्हीचं रिकामं खोकं राहतं. खोकं का ठेवायचं? वॉरंटी आहे ना. टीव्ही कधीच भंगारात गेला, ते सोडा.

वॉरंटीवरून आठवलं, बिलाचा प्रश्न येतोच. ‘पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर.’ मराठी माणूस क्षणभर देशाचा विचार करतो आणि मग कच्च्या कागदावर काम देतो. सहा महिन्यांनी दाराला पोपडे सुटतात. ग्राहक आयोगात जायचं, तर दाखवायचं काय? १८ टक्के वाचले, तक्रारही वाचली.

पैसे द्यायची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. काम सुरू होण्याआधी निम्मे, माल आला की आणखी बरेचसे, शेवटी दहाएक टक्के. वर अधूनमधून उचल. गावाला जायचंय, कारागिरांचा पगार द्यायचाय, प्लाय महाग झालाय. तुम्ही भिडस्त, नाही कसं म्हणणार? भिडेची किंमत अशी की शेवटची पट्टी लागायच्या आत सगळे पैसे गेलेले असतात आणि सुतार दुसऱ्या साइटवर. मग फोन लागत नाही. लागला तर ‘कल आता हूं’. त्या कलला तारीख नसते.

भिंत काटकोनात नाही, म्हणून दार घासतंय, हेही ऐकून घ्या. दोष बिल्डरचा. बिल्डर कुठंय? तो पुढच्या टॉवरच्या भूमिपूजनाला.

तेव्हा ते शेवटचे दहा टक्के मुठीत घट्ट धरा. सुतार ड्रॉवर उघडून दाखवेल, लोण्यासारखा सरकेल, सॉफ्ट क्लोज होऊन हळूच मिटेल. सगळे वा वा म्हणतील. रिकामा ड्रॉवर कुठलाही सरकतो. घरातला खलबत्ता आणा, वरवंटा आणा, पोळपाट टाका, चार पातेली टाका. आता दहा वेळा ओढा.

सुतार वैतागला तरी ओढा. मग पाकीट काढा.