भिवंडी ते बेडरूम

प्रवासवर्णनात प्रवासी पुढे जातो आणि गाव मागे पडतं, असा रिवाज आहे. ट्रेडमिलवर माणूस ताशी 8 किलोमीटरने तासभर धावतो आणि उतरतो तेव्हा त्याच पंख्याखाली असतो. त्यामुळे या विषयावर प्रवासवर्णन लिहायचं तर ते यंत्राचंच लिहावं लागतं. धावणाऱ्यापेक्षा तेच जास्त फिरलेलं असतं. चीन किंवा तैवानच्या कारखान्यात जन्म, न्हावा-शेवा बंदरात कस्टमवाल्यांचं दर्शन, भिवंडीच्या गोदामात मुक्काम, आणि तिथून टेम्पोने ठाण्या-पुण्याच्या एखाद्या सोसायटीचं फाटक. इथवर सगळं सुरळीत. समुद्र ओलांडून आलेल्या या पाहुणीची खरी दैना होते ती फाटकापासून बेडरूमपर्यंत. म्हणून जिममध्ये असते तशी दणकट ‘कमर्शियल’ ट्रेडमिल घरी आणायची असेल, तर निवडीला शोरूममधून सुरुवात करू नये. ती या शेवटच्या टप्प्यापासून करावी.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी असते: 6 माणसं, 408 किलो. ती वाचून गिऱ्हाईक निश्चिंत होतं. जिमची ट्रेडमिल 150 ते 200 किलोची, म्हणजे जेमतेम तीन माणसं. वजनाचा हिशेब चोख आहे, पण माणसं दाटीवाटीने उभी राहतात, वेळ पडली तर पोट आत घेतात. ट्रेडमिल पोट आत घेत नाही. ती सुमारे 7 फूट लांब आणि 3 फूट रुंद. लिफ्टचं दार अडीच फुटांच्या आसपास. यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: ‘साहेब, सुटे भाग करून आणतो.’ त्यात तथ्य आहे. खांब, स्क्रीन, धरायचे दांडे सगळं निघतं. पण पट्टा, मोटर आणि खालची चौकट मिळून जो सांगाडा उरतो तो अखंड असतो, सगळ्यात लांब असतो आणि बहुतेक वजनही त्याच्याच अंगात असतं. घडी करावी म्हटलं तर घडी होणं हा घरगुती जातीचा गुण. मग उरतो जिना. जिन्याच्या वळणावर चार हमाल, सांगाडा आणि कठडा यांच्यात जी बोलणी चालतात, त्यांना वॉचमनसकट अख्खी विंग हजर असते. ‘डावीकडून घ्या.’ ‘अरे, उभी करा आधी.’ दुसऱ्या मजल्यावरचे काका दारातूनच सांगतात, ‘आमच्या कपाटाच्या वेळी अस्संच झालं होतं.’ त्या कपाटाचं पुढे काय झालं, ते मात्र काका सांगत नाहीत.

समजा, आली घरात. आता वीज. जाहिरातीत ‘6 एचपी’ असं ठसठशीत छापलेलं असतं. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, तर सहांचे झाले 4,476. भिंतीतला जाड पिनांचा 16 अँपिअरचा पॉइंट 230 व्होल्टवर देतो फार तर 3,680. म्हणजे जाहिरातीवर विश्वास ठेवायचा तर ही मोटर भिंतीत नसलेली वीज खाते! तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. विचारायचा तो सतत मिळणाऱ्या ताकदीचा, कंटिन्युअस ड्युटीचा आकडा, आणि घरच्या धावण्याला तो 3 च्या आसपास असला की पुरे. खऱ्या कमर्शियल ट्रेडमिलची एसी मोटर त्याहून दांडगी. बऱ्याच पुस्तिकांत तिच्यासाठी वेगळी 20 अँपिअरची लाइन मागितलेली असते. आपल्या बेडरूममधला एकुलता एक जाड पॉइंट एअर कंडिशनरने कधीच अडवलेला असतो. घाम गाळायचा की वाळवायचा, हा पेच मग इलेक्ट्रिशियनवर सोपवावा लागतो आणि इलेक्ट्रिशियन ‘उद्या सकाळी येतो’ म्हणतो.

डोक्यावरचं तर कुणीच मोजत नाही. पट्टा जमिनीपासून 10 इंच वर. 60 इंची पट्ट्याला 15 टक्के चढ दिला की पुढचं टोक आणखी 9 इंच उचललं जातं. धावताना माणूस 3-4 इंच उसळतो. सहा फुटी गृहस्थ या सगळ्यासह 95 इंचांवर पोचतात आणि पंख्याची पाती असतात 8 फुटांवर, म्हणजे 96 इंचांवर. मधला एक इंच केसांसाठी.

कुणी म्हणेल, एवढं असेल तर कमर्शियल हवीच कशाला? हवी, पण सगळ्यांना नको. ती 12-14 तास राबण्यासाठी बांधलेली असते. चौघांचं घर रोज अर्धा-अर्धा तास धावलं तरी दोनच तास होतात, आणि पहिल्या महिन्यानंतर ते दोन तासही बहुधा टॉवेल वाळत घालण्यात जातात. मात्र घरात कुणी मॅरेथॉनची तयारी करत असेल किंवा कुणाचं वजन शंभरीपार असेल, तर रुंद पट्टा आणि न हलणारी चौकट यांचे पैसे वसूल होतात. घरातले हौशी स्लॅबची भीती घालतात, ती बहुतांशी फुकटची. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलोचा भार धरून बांधतात. 180 किलोचं यंत्र आणि 80 किलोचा धावपटू मिळून दोन चौरस मीटरवर पसरले की ते 130 च्या घरात राहतं. स्लॅब टिकेल, खालच्या मजल्यावरच्यांशी असलेल्या संबंधांची हमी नाही. जाड रबरी मॅट टाका आणि पहाटे पाचला धावू नका.

तेव्हा लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, बेडरूमची चौकट आणि पंख्याची उंची मोजून तो कागद खिशात टाका, मगच शोरूमची पायरी चढा. विक्रेता स्क्रीनवर नॉर्वेची जंगलं दाखवू लागेल. ती खुशाल बघा, पण आधी सुट्या सांगाड्याची लांबी, रुंदी आणि वजन लिहून घ्या, आणि वर चढवून जोडून देणं किमतीत धरलंय का तेही विचारा. ‘इमारतीच्या दारापर्यंत’ असं उत्तर आलं, तर हमालांचा भाव त्याच दिवशी ठरवून टाका.