आपल्याकडेवाले काका

डिसेंबर लागला, रब्बीची भाजी आली, आणि परवा काकाही आले. तुमच्या गावातही असे एक काका येत असतीलच, तेव्हा नाव सांगत बसत नाही. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात पाऊल टाकलं, डोक्यावरच्या पंख्याकडे एक नजर टाकली आणि सुरू: "आपल्याकडे हे असं चालत नाही हं."

मंडळ 1935 सालचं, पंखाही तेव्हाचाच असावा असा आवाज करतो, त्यामुळे तक्रारीत तथ्य आहे. आपला आक्षेप 'आपल्याकडे'ला. रायपुरात जन्मलेला, बूढापाऱ्यात गोट्या खेळलेला माणूस, हातात पोहे-जलेबीची प्लेट, आणि आपल्याकडे म्हणजे दुबई! आपल्याकडे रस्ता असा नसतो, आपल्याकडे हॉर्न वाजवत नाहीत, आपल्याकडे पोलिसाला हात जोडून भागत नाही. तीन आठवडे हे ऐकायचं. मंडळातली पोरं त्यांना 'आपल्याकडेवाले काका'च म्हणतात. काकांना ते कौतुक वाटतं.

बरं, दुबईवर प्रेम आहे म्हणून सोडून द्यावं, तर तेही नाही. एकदा चार दिवस त्यांच्याकडे दुबईत राहिलो होतो. एकेक दिरहम देऊन आम्ही अब्रात बसलो. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी होडी. शेजारी गिरगावचे एक गृहस्थ निघाले. मराठी ऐकून खूश. काका म्हणाले, "आपल्याकडे मरीन ड्राइव्हला संध्याकाळी काय वारा सुटतो!"

गिरगावकरांचे डोळे भरून आले. "अगदी! आणि भरतीच्या वेळी तर..."

"भरती नाही हो. तळं आहे ते."

तेलीबांधा तलावाच्या काठाला रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मी पाण्याकडे बघत बसलो. काका मात्र तळ्याचं वर्णन करत पलीकडच्या काठापर्यंत गेले.

पुण्यात तिसराच प्रकार. पुतण्याच्या लग्नात काका म्हणाले, "मी जेवून घेतलंय, तुम्ही जेवून घ्या. आपल्याकडे वाढायला उशीर नाही करत." आता हे 'आपल्याकडे' दुबई की रायपूर, हे मलाही कळलं नाही. व्याह्यांपैकी एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "मराठी छान बोलता हो तुम्ही! हिंदीभाषक वाटत नाही." काकांचे पूर्वज बिंबाजी भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडातल्या रतनपूरला आले, अशी घरात समजूत आहे. म्हणजे अडीचशे वर्षं झाली. (लग्नागणिक तो पूर्वज हुद्द्यानं वाढतो. यंदा तो घोड्यावर होता.) अडीचशे वर्षं सांभाळलेल्या मराठीला शेवटी हे प्रमाणपत्र.

खरी गंमत पुढे आहे. रायपुरात काका 'मराठी', आणि छत्तीसगढ़ीत बोलायचं तर 'परदेसिया'. पुण्यात 'हिंदीवाले'. तेव्हा ते दुबईला गेले. तिथल्या एका शेखानं पहिल्याच दिवशी विचारलं, "इन्त हिंदी?" अरबीत भारतीय माणसाला हिंदीच म्हणतात. काका सांगतात, "मी म्हटलं, नाही, मराठी. तो म्हणाला, तेच ते, हिंदी. मग मी हिंदी होऊन घेतलं."

झाले आणि धंद्यालाही लागले. अल रासच्या धान्यबाजारात एका दुकानात हिशेब लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं, की बासमतीच्या गर्दीत आपलं काम नाही. आपला माल उसना. मराठीत उकडा म्हणतात, पण काकांसमोर म्हणून बघा. छत्तीसगडचा उसना तांदूळ काकीनाडा किंवा विशाखापट्टणमच्या बंदरातून पश्चिम आफ्रिकेला जातो. काका दुबईत बसून रायपुरातल्या मिलवाल्याशी भाव करतात, आफ्रिकेतल्या व्यापाऱ्याला विकतात, बँकेचे कागद फिरवतात. तांदूळ दुबईचं तोंडही पाहत नाही. "मी कधी त्या पोत्याला हात लावलेला नाही," हे ते अभिमानानं सांगतात आणि पुढच्याच वाक्यात कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, किती टक्के होती ते दाण्यागणिक सांगतात.

2021 पर्यंत दुबईत मुख्य बाजारपेठेत कंपनी काढायची तर बहुतेक धंद्यांत 51 टक्के मालकी स्थानिक माणसाची लागे. काकांचाही एक शेख होता. वर्षातून एकदा यायचा, कहवा घ्यायचा, सही करायचा, पैसे घेऊन जायचा. 51 टक्क्यांच्या धन्याला तांदूळ उसना की अरवा हेही ठाऊक नव्हतं. नियम बदलला तेव्हा काकांनी त्याला मानानं निरोप दिला आणि पुढचे सहा महिने हळहळत होते: "आपला शेख बरा होता हो. निदान वर्षाला एकदा कोणीतरी यायचं."

25 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारनं उसन्यावर 20 टक्के निर्यातशुल्क लावलं. त्या रात्री मला फोन. "आपल्याकडे लोकांची डोकी फिरलीयत का?" मी म्हटलं, "कुठल्या आपल्याकडे?" फोन आपटला गेला.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात याहून कहर झाला होता. रात्री अकराला फोन: "आपल्याकडे पाऊस थांबला का?" मी खिडकीतून हात बाहेर काढून सांगितलं, थांबला. "मग माल उतरवायला घ्यायला सांग ना!" बऱ्याच वेळानं उलगडा झाला, की हे 'आपल्याकडे' म्हणजे आफ्रिकेतलं बेनिन. कोटोनूच्या बंदरात जहाज उभं होतं आणि पावसात तांदूळ उतरवत नाहीत. त्यांना तिथल्या व्यापाऱ्याला लावायचा होता, फोन मला लागला होता.

मोठ्या माणसांवरही त्यांचा हात आहे. विवेकानंद लहानपणी, 1877 ते 1879, वडिलांबरोबर रायपुरात बूढापाऱ्यात राहिले. काकांच्या तोंडी ते असं येतं: "आपल्याकडचेच ते. पुढे शिकागोला गाजले." म्हणजे बूढापाऱ्यातून परदेशी जाऊन गाजलेले दोन. माधवराव सप्र्यांचं नाव मात्र ते जरा रागानंच घेतात. मराठी घरातला माणूस, 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, आणि हिंदीवाल्यांनी त्याला थेट आपला म्हणून टाकलं. "एवढं सोपं असतं का ते?" काका विचारतात. कोणाला विचारतात कोण जाणे.

कबूल करायला जिवावर येतं, पण माझ्या धाकट्याची नोकरी गेली तेव्हा चार महिने तो दुबईत काकांच्याच घरात होता. त्याला रोज सकाळी बोरे-बासी, म्हणजे पाण्यात घातलेला भात, खायला लागायची, आणि रोज 'आपल्याकडे'वर व्याख्यान. परत आला तो व्याख्यानांची नक्कल करत. पण शेवटी म्हणाला, "बाबा, काकांकडे दुबराज तांदळाचं एक लहान पोतं आहे. शिजवत नाहीत. कपाट उघडलं की वास येतो फक्त."

काकांची आई गेली. बूढापाऱ्यातलं घर विकलं, आता तिथे खाली मोबाइलचं दुकान आहे. भाऊ पुण्याला. दुबईचा व्हिसा दहा वर्षांचा, मग पुन्हा अर्ज. डिसेंबरात येतात ते हॉटेलात उतरतात. मला फोन का करतात, हे मी कधी विचारलं नाही. मिलवाले आहेत, दलाल आहेत. पावसाची खबर त्यांनाही असते.

यंदाच्या जुलैत रात्री पावणेनऊला फोन वाजला. "आपल्याकडे पाऊस?"

'कुठे' हा शब्द ओठावर आला होता. तो गिळला. "पडला, काका. दोन दिवस झडच लागलीय."

"बूढातालाब?"

"भरत आलाय."

"पायऱ्या बुडाल्या?"

मी पायऱ्या बघितल्याच नव्हत्या. तरी म्हटलं, "दोन राहिल्यात."

बराच वेळ नुसता एसीचा आवाज. मग म्हणाले, "बरं. ठेवून देतो. आपल्याकडे मगरिबची बांग झाली, दुकानातली पोरं नमाजाला निघतील."