नानांचं वाळवण खातं

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असा असतो, ज्याला दुकानात खाण्याची कुठलीही वस्तू दिसली की "हे घरी का करायचं नाही?" असा प्रश्न पडतो. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत हे पद नानांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून ते हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. नोकरीत जन्मभर पाणी अडवण्याचा हिशेब ठेवला, आता फळांतलं पाणी घालवण्याच्या मागे लागलेत.

सरकारी सवयीप्रमाणे त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. पहिला मान आंबापोळीचा. गावाहून येणाऱ्या खासगी बसच्या पोटातून रायवळ आंब्यांच्या पेट्या उतरल्या की खातं उघडलं म्हणून समजावं. कोणी हापूसचं नाव काढलं तर नाना कानांवर हात ठेवतात. "हापूस कापून खायचा रे! पोळीला जरा आंबूसपणा लागतो, तो रायवळालाच." मग रस चाळणीतून काढायचा, साखर घालून किंचित आटवायचा, तुपाचा हात फिरवलेल्या ताटांत पातळ पसरायचा आणि ताटं गच्चीवर. एक थर सुकला की त्यावर दुसरा. कड आपणहून ताट सोडायला लागली की पोळी झाली. हे सगळं माई करतात. "मी केली" असं नाना सांगतात.

नानांकडे राखणीचं काम असतं, म्हणजे ते दुसऱ्याला नेमून देण्याचं. सकाळची पाळी नातवाची, दुपारची सूनबाईंची, सुट्टीच्या दिवशी मुलाची. काठी आणि छत्री खात्यातर्फे मिळते. कावळ्यांपासून पोळी राखायला नातवाला बसवलं आहे. नातवापासून ती राखायला माणूस मिळालेला नाही. संध्याकाळी ताटं खाली येतात तेव्हा पोळीच्या कडा चांगल्या बोटभर आत सरकलेल्या असतात. नाना चष्मा वर करून बघतात आणि वहीत नोंद करतात : 'घट – उन्हामुळे.'

ही वही म्हणजे खात्याचा आत्मा. आवक, साल-कोय, रस, साखर, तयार माल, घट, असे लाल शाईने आखलेले रकाने. साडेसात किलो आंब्यांतून सव्वा किलो पोळी निघाली, अशी नोंद गेल्या हंगामात सूनबाईंनी वाचली आणि मोबाइलवर हिशेब मांडला. आंबे, साखर, तूप, गॅस, बसवाल्याचं भाडं.

"बाबा, विकतची स्वस्त पडते."

"माझी मेहनत धरलीस का त्यात?"

"नाही."

"मग? फुकटची मेहनत म्हणजे निव्वळ नफा!"

तीस वर्षांहून जास्त हिशेब लिहिलेल्या माणसाशी हिशेबावर वाद घालू नये, हे सूनबाईंना तेव्हा कळलं.

पोळी डब्यात जाते न जाते तोच बरका फणस येतो. कापा खायचा आणि बरका पोळीचा, हा नानांच्या घरचा कायदा. फणसाचा वास लिफ्टने तळमजल्यापर्यंत जाऊन जिन्याने परत येतो. त्याच सुमाराला रातांबे. त्यांच्या सालींना त्यांच्याच रसाची पुटं देत उन्हात वाळवली की आमसुलं होतात. पुट दर खेपेला नव्याने द्यायचं असतं, आणि नाना ते वाऱ्याची दिशा न बघता देतात. शेजारच्या दोरीवर तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा शाळेचा गणवेश वाळत होता. आता तो बाहीवर जांभळे ठिपके असलेला गणवेश घालून जातो. शाळेने विचारलं तेव्हा त्याने "आमसूल" एवढंच उत्तर दिलं, आणि बाईंनी पुढे चौकशी केली नाही. त्यांच्याही इमारतीत कोणीतरी नाना असणार.

इथपर्यंत सगळं कोकणातलं, म्हणजे माईंच्या हातातलं. नाना स्वतःच्या बुद्धीने काही करतात तेव्हा खरी गंमत येते. वसईची सुकेळी त्यांना फार आवडतात. ती राजेळी केळ्यांची करतात. नानांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून वेलची केळी आणून सोलून वाळत टाकली. चार दिवसांत ती अशी काळी आणि चिवट झाली की कावळ्यांनीही एक चोच मारून राजीनामा दिला.

त्यानंतर बेदाणा. तासगावकडे द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो या पाण्याने सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमध्ये जाळीच्या मांडणीवर, सावलीत आणि खेळत्या हवेत दोन आठवडे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. हे सगळं नानांना तासगावच्या एका पाहुण्यांनी समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला : "घरच्या मालात रसायन नको."

तेव्हा द्राक्षं जशीच्या तशी परातींत पडली. त्यात डोंबिवलीची दमट हवा. रात्री दवाच्या भीतीने नाना परातींवर प्लास्टिक झाकत. बेदाण्याच्या वाटेवर निघालेल्या द्राक्षांनी मध्येच भलतंच वळण घेतलं. आठवडाभरात परातीला फेस आला आणि नानांच्या घरातून असा वास येऊ लागला की सेक्रेटरी दोनदा काही ना काही निमित्ताने चौकशीला येऊन गेले. नानांनी आयुष्यात साधी सुपारी तोंडात टाकलेली नाही. माईंनी परात रात्रीच रिकामी केली. वहीत नोंद झाली : 'घट – शंभर टक्के.'

हिवाळ्यात आवळे. किसून, आलं, सैंधव, जिरं लावून केलेली सुपारी नाना खिशात घेऊन फिरतात. "पित्ताला उत्तम" म्हणत समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि तो तोंडात टाकेपर्यंत हलत नाहीत. फळ वाळून चिमूटभर होतं, नानांचा अभिमान मात्र प्रत्येक हंगामात थोडा फुगतो.

खात्याची परीक्षा मेच्या अखेरीस. दुपारी तीनला पूर्वेकडे ढग काळे होतात, वारा सुटतो आणि जिन्यातून नानांची आरोळी येते : "अरे, ताटं!" आमच्या सर्वसाधारण सभेला कोरम कधी होत नाही. या आरोळीवर मात्र आजारी माणूसही गच्ची गाठतो. ज्याच्या हाती लागेल ते ताट घेऊन जो तो आपल्या घरी पळतो. वळीव कोसळून जातो, तासाभराने ऊन पडतं आणि ताटं गच्चीवर परत येतात. येताना ती बरीच हलकी झालेली असतात. नाना ती मोजतात, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतात आणि काही न बोलता वही उघडतात. घटीचा रकाना सगळ्यांत भरगच्च आहे. त्याचं ऑडिट त्यांनी कधीच लावलेलं नाही.

तुमच्या इमारतीतही असे नाना असतीलच. त्यांना बाजारभाव सांगू नका. गच्चीवर चपला घालून जाऊ नका. पोळीचा तुकडा हातावर आला तर आधी उजेडासमोर धरून बघा, मग सावकाश चघळा आणि "विकतच्यात ही मजा नाही हो" एवढंच म्हणा. पुढच्या वर्षीचा तुमचा वाटा पक्का. आणि माईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणा, कारण डबा त्यांच्या ताब्यात असतो.