बाटली पोचली, लोह कुठे गेलं?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला रक्तक्षय देशात ५८.६ टक्के होता. पुढच्या फेरीत मोजला, तर ६७.१. प्रगत महाराष्ट्र ५३.८ वरून थेट ६८.९ वर. चला, कशात तरी देशाच्या पुढे आहोत!

आकडे विरोधकांचे नव्हेत. सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आहेत, २०१५-१६ आणि २०१९-२१ चे. मधल्या काळात, २०१८ मध्ये, काय सुरू झालं? ‘ॲनिमिया मुक्त भारत’.

योजना देखणी आहे. बाळाला आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप, शाळेतल्या लहानग्यांना गुलाबी गोळी, मोठ्यांना निळी. रंगसंगतीला नावं ठेवायला जागा नाही.

बाटली घरी पोचते. चार दिवसांत बाळाला काळी शी होते. लोहाने ती होतेच, पण हे सांगत बसायला वेळ कुणाला आहे? सासूबाई निकाल देतात, “औषध बाधलं गं पोराला.” बाटली फडताळात, खोबरेल तेलाच्या मागे. रजिस्टरात मात्र बरोबरची खूण झालेली असते.

पोटात किती गेलं, याला रकाना नाही.

शाळेत वेगळं काय? उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं. एकाने उलटी केली की पुढच्या आठवड्यात निम्म्या गोळ्या गालात आणि मग शाळेमागच्या झुडपांत. ती झुडपं एव्हाना ॲनिमियामुक्त झाली असावीत.

जे पोटात गेलं, त्यावर चहा. दीड वर्षाच्या पोराला बशीतून चहा-बिस्कीट भरवणं म्हणजे आपल्याकडे लाड. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. जे लागतं, त्याचं रक्त प्यायला जंत बसलेलेच.

गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलही आहे. त्यावर लोहाची गोळी काय करणार? योजनेच्या कागदात तोही आजार आहे म्हणा.

कागदात सगळंच आहे.

मग उपाय निघाला. सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून रक्ताची ही तपासणीच वगळली! तज्ज्ञांचं म्हणणं, बोट टोचून घेतलेल्या थेंबात आकडा फुगतो. ते खोटं नाही. शिरेतून रक्त घेतलेल्या २०१६-१८ च्या पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांत प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपासच निघालं होतं.

म्हणजे दहात सात नव्हे, चारच पोरं फिकट.

वाटायचे का पेढे?