मिलेईसाहेब, क्लब सभासदांचे आहेत

मा. हावियर मिलेई,
राष्ट्राध्यक्ष, अर्जेंटिना यांस,



१७ डिसेंबर २०२३ तुम्ही विसरला नसाल. शपथविधीला आठवडा झाला होता आणि बोका ज्युनियर्सचे सभासद म्हणून तुम्ही क्लबच्या निवडणुकीत मत द्यायला गेलात. तिथे तुमची हुर्यो उडाली. तुमचे राजकीय साथीदार, माजी राष्ट्राध्यक्ष मॉरिसिओ माक्री, उपाध्यक्षपदाला उभे होते. ४३ हजारांहून अधिक सभासदांनी मतदान केलं, माक्रींचं पॅनेल पाडलं आणि प्रतिस्पर्धी पॅनेलच्या रिकेल्मेला अध्यक्ष केलं. त्यानंतर तीनच दिवसांत तुमचा वटहुकूम आला: क्लबांना कंपनी होण्याची मुभा, आणि अशा क्लबांना फुटबॉल संघटनेनं अडवायचं नाही. सभासदांनी मतपेटीत दाखवलेली ताकद तुम्हाला खुपली नसेल, तर तीच मोडीत काढण्याची एवढी घाई कशासाठी?

मी कोल्हापूरचा. इथं शाहू स्टेडियमवर पेठेची तालीम फुटबॉल खेळते तेव्हा अख्खी पेठ गॅलरीत असते, कारण तालीम पेठेची असते. म्हणूनच ब्यूनोस आयर्समधली ही लढाई मला परकी वाटत नाही. तुमच्याकडचे क्लब ना-नफा संस्था आहेत. वर्गणी भरणारा सभासद तिथे मत देतो, निवडणूक लढवतो आणि सभेत हिशेब विचारतो. हे क्लब पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, शाळा चालवतात. रिव्हर प्लेटची तर स्वतःची उच्च शिक्षणसंस्था आहे. भागधारकांना नफा द्यायचा झाला, तर पहिली कात्री यांनाच लागेल.

२०२४ मध्ये तुम्ही राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंच्या क्लबांची यादी लोकांपुढे धरलीत आणि बहुतेक सगळे कंपन्यांच्या क्लबांत खेळतात असं दाखवलंत. यादी अर्धीच होती. हूलियन अल्वारेझ आणि एन्झो फर्नांडेझ रिव्हर प्लेटनं घडवले, लाउतारो मार्टिनेझ रेसिंगनं, डि मारिया रोसारियो सेंट्रलनं, मॅक अॅलिस्टर अर्जेंटिनोस ज्युनियर्सनं. हे सगळे सभासदांचे क्लब. मेस्सी न्यूवेल्समधून बार्सिलोनात गेला, ते दोन्ही क्लबही सभासदांचेच. युरोपचा चषक सर्वाधिक वेळा जिंकणारं रेआल माद्रिदही सभासदांचंच. खेळाडू घडवायचे सभासदांनी आणि श्रेय द्यायचं विकत घेणाऱ्यांना, हा तुमचा हिशेब खोटा आहे.

क्लबांचा कारभार स्वच्छ आहे असा माझा दावा नाही. सभासदांचा रेसिंग क्लब १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला, हे खरं. मग तो ब्लांकीसेलेस्ते या कंपनीकडे सोपवला गेला. २००१ मध्ये क्लबनं ३५ वर्षांनी लीग जिंकली, हेही खरं. पण पुढे ती कंपनीच बुडाली आणि २००८ मध्ये क्लब पुन्हा सभासदांच्या हाती आला. त्याच सभासदांच्या रेसिंगनं २०२४ मध्ये कोपा सुदअमेरिकाना जिंकला. सॅन लोरेन्झो क्लबची गोष्टही तुमच्याच शहरातली. २००० मध्ये आयएसएल या कंपनीशी होणारा करार चाहत्यांनी रस्त्यावर उतरून रोखला. दुसऱ्याच वर्षी आयएसएलचं दिवाळं निघालं. चाहते गप्प बसले असते, तर क्लब कोणाच्या दारात उभा राहिला असता?

तुम्ही म्हणता, सक्ती कुठे आहे, ज्याला हवं त्यानं कंपनी व्हावं. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या क्लबापुढे डॉलर धरायचे आणि त्याला स्वेच्छा म्हणायचं, हे मला मान्य नाही. शिवाय चुकीचं कार्यकारी मंडळ पुढच्या निवडणुकीत घालवता येतं. चुकीचा मालक घालवता येत नाही. स्पेनमधल्या वालेन्सिया क्लबच्या चाहत्यांना विचारा. २०१४ मध्ये पीटर लिम मालक झाले. २०१९ मध्ये कोपा देल रे जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला त्यांनी काही महिन्यांतच काढलं. चाहते वर्षानुवर्षं निदर्शनं करत आले, पण मालकी हलली नाही. शेजारच्या ब्राझीलमध्ये वास्को द गामा क्लबनं २०२२ मध्ये बहुसंख्य हिस्सा अमेरिकेच्या ७७७ पार्टनर्सला दिला. दोन वर्षांत ती कंपनीच डबघाईला आली आणि क्लबाचा ताबा काढून घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

कारभार सुधारायचाच असेल, तर त्याला क्लब विकावा लागत नाही. स्वतंत्र लेखापरीक्षण सक्तीचं करा. कर्जावर मर्यादा घाला. क्लब बुडवणाऱ्या पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः जबाबदार धरा. रेआल माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची हमी द्यावी लागते. तो नियम आणा. यातलं काहीही न करता तुम्ही थेट विक्रीचा दरवाजा उघडलात, म्हणून मी तुम्हाला दोषी धरतो.

हे क्लब ना तुमच्या सरकारनं उभारले, ना गुंतवणूकदारांनी. स्थलांतरितांनी, कामगारांनी, वस्तीतल्या पोरांनी ते उभे केले आणि पिढ्यान्पिढ्या वर्गणी भरून जगवले. जे तुमचं नाही, ते बाजारात मांडू नका. वटहुकुमातली ती कलमं मागे घ्या आणि बोकाचे सभासद म्हणून पुन्हा रांगेत उभे राहून मत द्या. प्रत्येक सभासदाइतकाच, एका मताचा, अधिकार तुम्हाला आहे. त्याहून जास्त नाही.

कळावे.

कोल्हापूरचा एक फुटबॉलप्रेमी