निर्व्यसनी जावई पाहिजे

(रविवार, सकाळचे दहा. पुण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. सोफ्यावर मुलीचे वडील, समोर मुलगा, पेशाने वैमानिक. मुलाचे आईवडील खाली गाडी लावायला जागा शोधताहेत, म्हणजे निदान अर्धा तास येत नाहीत. टीपॉयवर कांदेपोहे.)

वडील : घ्या, गार होतील. आणि राग मानू नका, पण स्थळ बघताना एक प्रश्न विचारावाच लागतो. आपण... घेता का?

वैमानिक : कधीपासूनचं विचारताय, काका?

वडील : कधीपासूनचं म्हणजे? माणूस एक तर घेणारा असतो, नाहीतर न घेणारा.

वैमानिक : आमच्याकडे घड्याळ लावून विचारतात. १९३७च्या विमान नियमांत चोविसावा नियम आहे. उड्डाणाच्या आधीचे बारा तास दारूला शिवायचं नाही.

वडील : आम्ही जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ लिहिलंय. ‘बारा तास निर्व्यसनी’ असं नाही लिहिलेलं.

वैमानिक : बारा तास कोरडं राहून भागत नाही. ड्यूटीवर गेलं की आधी बीए.

वडील : बीए? बायोडेटात तर बीएस्सी आहे!

वैमानिक : ब्रेथ ॲनालायझर हो. विमानतळावर एक खोली असते. ओळखपत्र दाखवायचं, रजिस्टरवर सही करायची, कोरी नळी यंत्राला लावायची आणि एका दमात फुंकायचं, यंत्र वाजेपर्यंत. मध्येच दम सोडला की पुन्हा पहिल्यापासून. वर कॅमेरा. शेवटी यंत्रावर शून्य दशांश शून्य शून्य शून्य दिसलं की मोकळे.

वडील : आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, शून्य मिळालं की पास! पण एकदा शून्य आलं म्हटल्यावर पुन्हा कशाला?

वैमानिक : कालचं शून्य काल संपलं. आज नवी नळी. तीस वर्षं उडवणारे कॅप्टनसुद्धा माझ्याच रांगेत उभे असतात.

वडील : अपमान वाटत नाही? चांगल्या घरातल्या माणसानं रोज असं...

वैमानिक : नळीला घराणं कळत नाही, काका. माझे आजोबा वारकरी होते. यंत्रानं एकदाही विचारलं नाही.

वडील : आणि परदेशात? तिकडे कोण बघतंय!

वैमानिक : तिकडून येताना पहिल्यांदा भारतात उतरलो की इथे फुंकायचं.

वडील : म्हणजे विमान उतरवून झाल्यावर? वरातीमागून घोडं!

वैमानिक : पण घोडं येणार हे वर असतानाच माहीत असतं. तेवढं पुरतं.

वडील : अमेरिकेत असले सोपस्कार नसतील.

वैमानिक : असतात, पण हात जरा सैल. तिथे आठ तास, आणि रक्तात ०.०४ टक्के ही मर्यादा. आपल्याकडे पूर्ण शून्य.

वडील : (समाधानानं) बघा! शून्याचा शोध आपणच लावला.

(शिंक येते. वैमानिकाला.)

वडील : सर्दी? अगं, ते होमिओपॅथीचे थेंब आण बरं.

वैमानिक : नको, नको! त्यात अल्कोहोल असतं.

वडील : मग खोकल्याचं औषध घ्या दोन चमचे.

वैमानिक : बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय नको. संध्याकाळी सहाची ड्यूटी आहे.

वडील : ठीक आहे. द्राक्षासव तरी घ्या. शुद्ध आयुर्वेदिक!

वैमानिक : काका, आसव आणि अरिष्ट म्हणजे आंबवलेलीच औषधं. अल्कोहोल त्यात आपोआप तयार होतं.

वडील : (दचकून) मी रोज रात्री चार चमचे घेतो!

आई : (आतून) चार चमचे द्राक्षासवाचे. बाकीचं सांगा ना.

वडील : (घाईनं) बरं, पण आम्ही बापुडे दात घासून चूळ भरतो, तेवढं तरी चालतं ना?

वैमानिक : कसली चूळ, त्यावर आहे. २०२३ साली विमान वाहतूक महासंचालनालयानं लेखीच दिलं, की अल्कोहोल असलेलं माउथवॉश, दातांची जेल, असलं काही वापरायचं नाही.

वडील : मग काय, मिठाच्या पाण्यानं गुळण्या?

वैमानिक : तुमच्या आईनं तुम्हाला जे शिकवलं, तेच आता सरकार आम्हाला शिकवतंय.

वडील : आणि समजा, चुकून आकडा आला?

वैमानिक : तर लगेच फासावर देत नाहीत. तोंड धुवायला, चूळ भरायला मुभा असते. पंधरा-वीस मिनिटांनी साक्षीदारासमोर दुसरी चाचणी. त्याआधी दुसऱ्या कुणालातरी त्याच यंत्रात फुंकायला लावतात, यंत्रच बिघडलेलं नाही ना बघायला.

वडील : म्हणजे यंत्राचीही चाचणी. हे आवडलं. आणि तरीही आला?

वैमानिक : पहिल्यांदा तीन महिने लायसन्स निलंबित. दुसऱ्यांदा तीन वर्षं. तिसऱ्यांदा कायमचं रद्द.

वडील : आणि त्या दिवशी चाचणीला गेलंच नाही तर? पोटात दुखतंय म्हणून?

वैमानिक : टाळणं हासुद्धा गुन्हाच धरतात. हे कारण तुमच्या आधी बऱ्याच जणांना सुचलंय.

वडील : बरं, दारूचं झालं. बाकीची थेरं? हल्ली पेपरात काय काय वाचतो.

वैमानिक : त्यालाही चाळणी आहे. ३१ जानेवारी २०२२पासून अमली पदार्थांची चाचणी सुरू झाली. वर्षाला दहा टक्के जणांची, अचानक. गांजा, कोकेन, अफूचे प्रकार, झोपेच्या काही गोळ्यासुद्धा. त्यात फुंकायचं नसतं.

वडील : मग?

वैमानिक : (पोह्यांची बशी बाजूला ठेवत) बाटली देतात. रिकामी.

वडील : अरे देवा. होळीला घोटभर भांग घेतली तर?

वैमानिक : होळीची भांग रंगपंचमी झाली तरी अंगात सापडू शकते. आम्ही नुसता रंग खेळतो.

(मोबाइल वाजतो.)

वैमानिक : आईबाबांचा फोन. एक जागा सापडली आहे, पण दोन स्कूटरच्या मध्ये. बाबांना जमत नाहीये.

वडील : (उत्साहानं उठत) थांबा, मी जातो! या गल्लीत गाडी लावायची म्हणजे विमान उतरवण्यापेक्षा अवघड. चावी घ्यायची आणि...

वैमानिक : काका, एक विचारू? शेवटचं कधी घेतलंत?

वडील : (पुन्हा बसत) मी सोमवार ते शुक्रवार निर्व्यसनी आहे.

वैमानिक : आज रविवार.

वडील : काल मित्रांची बैठक होती. दहाला आटपलं. दोन छोटे.

आई : (आतून) साडेबाराला. चार मोठे!

वैमानिक : यकृत तासाला साधारण एक छोटा पेग निपटतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानंही त्याची घाई होत नाही. तुमचे झाले आठ.

वडील : अहो, पण मी सकाळपासून ठणठणीत आहे!

वैमानिक : तेच तर. आपण ठणठणीत आहोत की नाही, हे ठरवायला आमच्याकडे आम्हाला सांगतच नाहीत. म्हणून तर नळी.

वडील : गाडीला तरी सूट असेल?

वैमानिक : आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंत. तुम्ही त्यात बसत असाल कदाचित. पण तुमचे बारा तास भरायला अजून अडीच तास आहेत. विमान तर नाहीच मिळणार. गाडी मीच लावून येतो.

(वैमानिक उठतो. इतका वेळ दारात उभी असलेली मुलगी चहा ठेवते.)

मुलगी : एक मिनिट. ते पहिल्यांदा तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं रद्द. हा नियम घरात लावता येईल?

वैमानिक : (विचार करून) माझी हरकत नाही. तुम्हालाही लागू असेल तर.

मुलगी : चालेल.

(वैमानिक खाली जातो. आई पदराला हात पुसत बाहेर येते. वडील पोह्यांतल्या खोबऱ्याकडे टक लावून बघताहेत.)

वडील : मुलगा बरा वाटतो. जरा तोंडाळ आहे.

आई : मला मुलगा पसंत आहे. आणि ते यंत्र केवढ्याला मिळतं, तेवढं त्याला विचारून ठेवा.